पर्यायी जागा आणि मोडलेला बाजार

'पर्यायी जागा दिली आहे ना, मग आता ओरड कशाची?' शहरातला एखादा जुना बाजार हलवायची वेळ आली की हे वाक्य हमखास कानावर येतं. अधिकारी म्हणतात, लोकप्रतिनिधी म्हणतात, सोसायटीच्या बैठकीत शेजारीही म्हणतात. ऐकायला ते रास्त वाटतं. रस्ता सगळ्यांचा आहे, विक्रेत्याला बसायला दुसरीकडे जागा मिळते आहे, मग कुणाचं काय बिघडलं? माझं म्हणणं असं की बरंच बिघडतं, आणि ज्यांचं बिघडतं त्यांना बोलायला हे वाक्य जागाच ठेवत नाही. जागा दिली म्हणजे बाजार दिला, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. जुनं सामान विकत घेऊन पुन्हा विकणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतक साफ खोटं आहे.

नव्या मालाच्या दुकानदाराचं एक वेळ समजू शकतो. त्याच्या डब्यावर छापील किंमत असते, कंपनी जाहिरात करते, एक नग संपला की तसाच दुसरा येतो. दुकान दोन चौक पलीकडे न्यावं लागलं तर पाटी लावून, ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन करून तो तग धरतो. जुन्या मालाचं यातलं काहीच नसतं. प्रत्येक नग एकटा. त्याची किंमत कुठे छापलेली नाही, त्याची जाहिरात कुणी करत नाही, आणि तो नेमका ज्याला हवा आहे तो माणूस कोण, कुठे राहतो, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं. ही दोन अनोळखी माणसं समोरासमोर येतात, कारण अमक्या वारी अमक्या ठिकाणी असलं सामान मिळतं हे दोघांनाही माहीत असतं. ही माहिती मुरायला पिढ्या लागतात. तीच या धंद्याचं भांडवल आहे. फरशी, पत्रे, पांढऱ्या रंगाने आखलेले चौकोन हे सगळं नंतरचं.

पुण्यातला जुना बाजार पाहा. मंगळवार पेठेत, कुंभारवेशीच्या बाजूला, बुधवारी आणि रविवारी तो भरतो. एका पथारीवर नुसती कुलपं आणि चाव्या. शेजारी मिक्सरची भांडी, भांड्याखालचे कपलर, शिलाई मशीनचे पाय, बॉबिनच्या डब्या. पलीकडे पाने, पकडी, वापरलेली ड्रिलची बिटं आणि ग्रीसने माखलेल्या बेअरिंगांचा ढीग. पंखे दुरुस्त करणारा एखादा कारागीर त्या ढिगापुढे उकिडवा बसतो. एक बेअरिंग उचलतो, अंगठ्याने पुसून ६२०२ हा नंबर वाचतो, मधल्या भोकात बोट अडकवून बाहेरचं कडं फिरवतो आणि कानाशी नेतो. खरखर आली की ते परत ढिगात. तिसरं-चौथं गुळगुळीत फिरतं, ते बाजूला ठेवतो. विकणारा तोवर एक शब्द बोलत नाही. कुठलं बेअरिंग कानाशी जास्त वेळ राहिलं हे मात्र तो पाहत असतो, कारण भाव तिथून ठरायचा असतो. सौदा होतो, कारागीर उठतो आणि जाता जाता शेजारच्या ढिगातलं पंख्याचं एक पातंही हातात घेतो. ते घ्यायला तो आलेला नव्हता. पण तिघांचं पोट त्या फेरीवर चालतं, आणि ती फेरी या सगळ्या पथाऱ्या एकमेकींना लागून आहेत म्हणूनच होते.

आता हीच बेअरिंगवाली पथारी गावाबाहेरच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन बसवा. चौकोन मोठा द्या, वर पत्रा द्या, पिण्याच्या पाण्याची टाकीही द्या. पंखेवाला तिथे एका बेअरिंगसाठी अर्धा दिवस मोडून, रिक्षाचं भाडं देऊन जाणार नाही. तेवढ्या पैशांत नवं बेअरिंग येतं. जुन्या मालाचा फायदा गिऱ्हाइकाच्या वाटखर्चात बुडाला की तो माल भंगाराच्या भावाने वजनावर जातो. ज्या वस्तूला काल वस्तू म्हणून किंमत होती, तिला आज लोखंड म्हणून किंमत येते.

'हे लोक स्वतः काही बनवत नाहीत, स्वस्तात उचलून महाग विकतात' हा जो दुसरा आक्षेप घेतला जातो, त्याचं उत्तर द्यायलाच हवं, कारण पर्यायी जागेच्या तर्काखाली खरा आधार त्याचाच आहे. जो काही बनवत नाही त्याच्या जागेची काळजी कशाला करायची, अशी ती धारणा आहे. ती किती उथळ आहे हे पाहायचं असेल तर जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीचं काम जवळून पाहावं. मुंबईत या धंद्यातल्या बऱ्याच बायका मूळच्या गुजरातेतल्या वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजातल्या. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बाई जिने चढते. घरातली बाई गाठोडं सोडते. बोहारीण शर्ट उजेडाकडे धरते, कॉलरची घडी उलटून मळ पाहते, बगलेतली शिवण ताणून बघते, पँटची चेन वरखाली करते, गुडघ्याचं कापड किती विरलं ते चिमटीत धरून अजमावते. साडी उलगडते ती काठापासून. मधलं पोत विरलेलं असलं तरी काठ धड असेल तर त्याला वेगळं गिऱ्हाईक आहे. मग घासाघीस. 'ताई, या सगळ्यावर पातेलं नाही बसत, डबा बसतो.' घरातली बाई आणखी दोन ब्लाउज टाकते. पातेलं बसतं.

त्या दोन-चार मिनिटांत तिने प्रत्येक कपड्याची किंमत मनात मांडलेली असते, आणि ती एका बाजाराची नसते, चार-पाच बाजारांची असते. धड शर्ट धुऊन, बटण लावून, इस्त्री करून पुन्हा अंगावर घालायला विकला जाईल. फाटकं सुती कापड चिंध्यांत जाईल आणि गॅरेजमध्ये, छापखान्यात यंत्रं पुसायला वापरलं जाईल. विरलेल्या सुती साड्या गोधडीवाल्या घेतात. लोकरीचं कापड फिरत फिरत हरयाणातल्या पानिपतपर्यंत जातं, जिथे जुन्या लोकरीचं पुन्हा सूत काढून स्वस्त ब्लँकेटं विणणारा मोठा उद्योग उभा आहे. जुन्या रेशमी साडीत खरी जर असेल तर ती जाळून त्यातली चांदी काढणारे वेगळे. आपल्या घरात कपाटाची जागा अडवून बसलेलं गाठोडं या बाईच्या हातून गेल्यावर इतक्या वाटांनी फुटतं आणि प्रत्येक वाटेवर त्याला मोल येतं. यात तिने काहीच बनवलं नाही असं म्हणणाऱ्याने ते गाठोडं स्वतः घेऊन एकदा विकून पाहावं.

तिने मोल निर्माण केलं ते शोधून. कोणाला नको आहे आणि कोणाला हवं आहे, यातलं अंतर ती पायांनी तोडते. शिवाय जोखीम तिची. पातेलं घेताना तिने रोख तरी मोजलेली असते किंवा भांडीवाल्याची उधारी तरी डोक्यावर घेतलेली असते. कपडा विकला नाही तर नुकसान तिचं. घरातल्या बाईचं पातेलं परत जात नाही. तिच्या नफ्यात मजुरी आहे, वाहतूक आहे, दुरुस्ती आहे, पारख आहे आणि न खपलेल्या मालाची भरपाईही आहे. व्यापाऱ्याच्या नफ्याला राज्यकर्त्यांनी मान्यता देणं ही काही आजची गोष्ट नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा व्यापाऱ्याला मंजूर केलेला आहे. आजचा जीएसटीसुद्धा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचं वेगळेपण ओळखतो. नियम ३२ च्या पोटनियम ५ प्रमाणे, खरेदीवर कराची वजावट घेतलेली नसेल तर जुन्या वस्तूच्या विक्रीवरचा कर पूर्ण किमतीवर नाही, खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर लागतो. म्हणजे त्या मधल्या फरकाला देशाचा करकायदा धंद्याची कमाई मानतो. आपल्याच मनात तो अजून लबाडी म्हणून बसला आहे.

आणि पर्यायी जागा शोधण्याचा उपदेश या माणसांना कुणी करावा? त्यांचं सगळं आयुष्यच पर्यायी जागा शोधण्यात जातं. एका ठिकाणी न खपलेला माल दुसरीकडे खपवणं हाच तर त्यांचा धंदा. दिल्लीत रघुबीर नगरच्या घोडा मंडीत जुन्या कपड्यांचा घाऊक व्यवहार पहाटे, उजाडायच्या आत सुरू होतो. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या डेढ गल्लीत शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांचे ढीग लागतात आणि शहर जागं होईपर्यंत निम्मे उचललेले असतात. शहरात कुणी हात न लावलेला शर्ट चाकणच्या शनिवारच्या बाजारात कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाला चालतो. तिथेही उरला तर जत्रा आहेत, ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या कोप्या आहेत, बांधकामावरच्या मजुरांच्या वस्त्या आहेत. कुठल्या गावाला कुठल्या वारी पगार होतो, कुठे थंडी आधी पडते, कुठल्या जत्रेला बायका जास्त येतात, हे त्या माणसाच्या डोक्यात पक्कं असतं. गिऱ्हाईक कुठे आहे ते पाहून तो जागा निवडतो. प्रशासन जागा निवडतं ते कुठला भूखंड रिकामा आहे ते पाहून. भूखंड रिकामा राहिला त्याला बहुतेक वेळा कारण असतं. तिथे माणसं येत नाहीत.

इथे समोरची बाजू आपला सर्वांत भक्कम मुद्दा काढते, आणि तो टाळून चालणार नाही. १९८९ साली सोदान सिंग विरुद्ध नवी दिल्ली नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर व्यापार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(छ) खाली मान्य केला. पण अमुकच जागेवर बसण्याचा मूलभूत हक्क कुणाला नाही, हेही त्याच निकालात सांगितलं. मग जागेचा हट्ट कसला, असं विचारलं जातं. निकालातलं ते विधान मला मान्य आहे. एका माणसाला एका विशिष्ट खांबाखालची जागा कायमची मिळावी असं कुणीच म्हणत नाही. पण एका माणसाची जागा आणि एका बाजाराची जागा यात फरक आहे, आणि तो फरक पुढे कायद्यानेच केला. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण आणि पथविक्रीचं विनियमन यासाठी २०१४ साली संसदेने केलेल्या कायद्यात नैसर्गिक बाजाराची व्याख्या आहे. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने एकत्र येत आले आहेत आणि ज्याला नगर पथविक्रेता समितीच्या शिफारशीवरून स्थानिक प्राधिकरणाने तसं ठरवलं आहे, तो नैसर्गिक बाजार. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या अशा बाजाराला वारसा बाजार म्हणून जाहीर करावं आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं कायद्याच्या अनुसूचीत म्हटलं आहे. आपल्या शहरांतले जुने बाजार या तरतुदीच्या कसाला लावून पाहिले गेले आहेत का, हा प्रश्न प्रत्येक महापालिकेला विचारायला हवा.

त्याच अनुसूचीत स्थलांतराची तत्त्वं दिली आहेत आणि मला ती या वादातली सर्वांत महत्त्वाची वाटतात. जमिनीची स्पष्ट आणि तातडीची गरज असल्याशिवाय स्थलांतर टाळावं. करावंच लागलं तर आराखडा आखताना आणि अमलात आणताना बाधित विक्रेत्यांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना सामील करून घ्यावं. आणि स्थलांतरानंतर विक्रेत्याचं उत्पन्न आणि राहणीमान सुधारावं, निदान प्रत्यक्षात पूर्वीइतकं तरी व्हावं. हे शेवटचं वाक्य वाचलं की 'जागा दिली आहे ना' या युक्तिवादाचा पायाच राहत नाही. किती चौरस फूट दिले याने कायद्याचं समाधान होत नाही. विक्रेत्याचा गल्ला पूर्वीइतका भरतो का, हे तो विचारतो. आपल्याकडे स्थलांतराचा अहवाल गाळ्यांच्या चाव्या वाटल्या की संपतो. कायद्याने सांगितलेली खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि ती घ्यायला कुणी मागे थांबत नाही.

बाजार हलवून टिकल्याची उदाहरणं आहेतच, असं सांगितलं जातं. आहेत. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये नेताजी सुभाष मार्गाच्या फुटपाथवर पाच दशकांहून अधिक काळ दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरत होता. वाहतुकीच्या कारणावरून जुलै २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो बंद झाला. अडीचशेच्या वर विक्रेते रविवारची कमाई गमावून बसले. सप्टेंबरमध्ये आसफ अली रोडवरच्या, डिलाइट चित्रपटगृहासमोरच्या महिला हाटमध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि आज तो तिथे उभा आहे. हे उदाहरण पुढे करणाऱ्यांनी ते पूर्ण पाहावं. बाजार तुकडे न होता सगळा एकत्र हलला. वार तोच, रविवार. नवी जागा जुन्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, शहराच्या त्याच जुन्या भागात. आणि यातलं बरंचसं विक्रेत्यांनी संघटित होऊन चिकाटीने पाठपुरावा केला म्हणून मिळालं. त्याच विक्रेत्यांना शहराच्या चार टोकांना पन्नास-पन्नासच्या गटाने वाटून दिलं असतं, तर जागा प्रत्येकाला मिळाली असती आणि बाजार कुणालाच मिळाला नसता.

अहमदाबादच्या गुजरी बाजाराची कथाही अशीच. या रविवारच्या बाजाराचा उगम सुलतान अहमद शाहच्या काळात, पंधराव्या शतकात सांगितला जातो. १९५४ पासून तो साबरमतीच्या पात्रात, एलिस ब्रिजखाली भरत होता. रिव्हरफ्रंटचा प्रकल्प आला आणि बाजाराचं काय होणार हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. २०१४ साली नवी जागा सुरू झाली ती नदीकाठीच, जुन्या जागेला लागून. भांडल्याशिवाय ती मिळाली नसती असं मला वाटतं. याच्या उलट मुंबईत फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपासची जुन्या पुस्तकांची रांग पाहा. २००५ च्या कारवाईने ती विस्कटली. थोडे विक्रेते पुन्हा येऊन बसले, पण एका फेरीत शंभर ढीग चाळता येतील अशी ती सलग रांग गेली. विद्यापीठातून, न्यायालयातून, बँकांतून सुटलेली माणसं चर्चगेटकडे चालता चालता तिथे थांबत. त्यांनी घरी नेऊन परत आणून दिलेली पुस्तकंच पुन्हा तिथे विकायला येत. देणारा आणि घेणारा एकच वाट चालत होता. ती वाट दुसरीकडे कुठे आखून देणार?

मग शेवटचं अस्त्र म्हणून मोबाइल काढला जातो. रस्त्यावर बसायची गरजच काय, ऑनलाइन विका. जुन्या गाड्या, फ्रीज, सोफे, महागडे फोन यांच्यासाठी ही सोय खरोखर चांगली आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वीस रुपयांच्या बेअरिंगचा फोटो काढायचा, त्याचं वर्णन लिहायचं, दहा जणांच्या 'शेवटचा भाव किती'ला उत्तरं द्यायची आणि मग वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त कुरिअर भरायचं, हा धंदा कुणाला परवडेल? शिवाय ते बेअरिंग फोटोतून कानाशी नेता येत नाही. कपड्याची शिवण पडद्यावर ताणता येत नाही. जुन्या वस्तूचा सगळा भरवसा हातात घेऊन पाहण्यावर चालतो.

करकायद्याचीही एक गाठ आहे. मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रातल्या छोट्या विक्रेत्याला एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. पण ई-कॉमर्स मंचावरून माल विकायचा तर एक रुपयाच्या विक्रीलाही नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना सूट मिळाली, पण ती फक्त आपल्या राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती, आणि तीही पॅन देऊन नाव नोंदवल्यावर. सोलापुरातला पथारीवाला कर्नाटकातल्या विजापूरच्या गिऱ्हाइकाला आठवडी बाजारात समोरासमोर जुनी शिलाई मशीन विकू शकतो. तीच मशीन मंचावरून त्याच गिऱ्हाइकाच्या घरी पाठवायची म्हटली तर नोंदणी, विवरणपत्रं आणि हिशेबनीस हे सगळं मागून येतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की ऑनलाइन जागाही परक्याचीच असते. मीशो ही कंपनी २०१५ साली सुरू झाली आणि तिचा सुरुवातीचा सगळा डोलारा पुनर्विक्री करणाऱ्यांवर, त्यातही घरबसल्या काम करणाऱ्या बायकांवर उभा होता. त्या व्हॉट्सअ‍ॅपवर साड्यांचे, कुर्त्यांचे फोटो पाठवत, ओळखीच्या बायकांकडून ऑर्डर घेत आणि किमतीवर आपला नफा चढवत. लहान गावांतल्या कित्येक घरांत त्यातून हातखर्चाचे पैसे आले. पुढे कंपनीने थेट ग्राहकाला विकण्यावर भर दिला. ओळखीची बाई तोच कुर्ता अ‍ॅपवर स्वतःच मागवू लागली आणि मधल्या बाईची गरज उरली नाही. कंपनीने आपल्या फायद्याचा निर्णय घेतला, त्यात बेकायदा काही नाही. पण जिथे दुकान मांडायचं ती जागा एका कंपनीच्या निर्णयाने रातोरात बदलू शकते, तिथे ना नगर पथविक्रेता समिती आहे, ना तीस दिवसांची नोटीस, ना पूर्वीइतक्या उत्पन्नाची हमी. फुटपाथवरच्या विक्रेत्याला कायद्याने निदान कागदावर जे संरक्षण दिलं, तेवढंही या जागेत नाही. ऑनलाइनला पर्याय म्हणणाऱ्यांनी हे सांगितलं पाहिजे.

चोरीच्या मालाचा आरोप तर या बाजारांच्या नशिबी कायमचाच आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि जो तसं करतो त्याला शिक्षा व्हावी, यात दुमत नाही. पण ठरावीक वारी, ठरावीक ठिकाणी, दिवसाउजेडी, हजारो लोकांसमोर भरणारा बाजार पोलिसांच्या नजरेला सर्वांत सोपा असतो. सायकल गेली, नळ गेले, बॅटरी गेली की माणूस पहिली चक्कर जुन्या बाजारात मारतो. तो बाजार मोडला की माल थांबत नाही. तो बंद गोदामांत आणि खोट्या नावांच्या खात्यांवर जातो, जिथे ना पोलीस फिरतात, ना ज्याची वस्तू गेली तो माणूस. ज्यांना चोरी खरोखर रोखायची आहे त्यांनी विक्रेत्यांना ओळखपत्रं द्यावीत, मोठ्या नगाच्या खरेदीची वही ठेवायला लावावी. बाजाराला ते नकोसं होणार नाही. प्रामाणिक विक्रेत्याला या आरोपाचा त्रास सर्वांत जास्त होतो.

राहिला पायी चालणाऱ्याचा प्रश्न, आणि तो मला मनापासून मान्य आहे. म्हाताऱ्या माणसाला फुटपाथ सोडून गाड्यांमधून चालावं लागतं, रुग्णवाहिका अडकते, हे कुणाच्याही पोटाच्या नावाखाली खपवून घेता येणार नाही. पण त्याचा उपाय बाजारात बसून काढावा लागतो. रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवणारी रेषा, हातगाड्या आणि टेंपो उभे करायला जागा, बाजाराच्या वेळात आणि मार्गात थोडा बदल, स्वच्छतागृह, रीतसर पावती देऊन गोळा केलेलं शुल्क. यातलं काहीही अवघड नाही. बहुतेक विक्रेते शुल्क आनंदाने देतील, कारण पावती म्हणजे त्यांच्या असण्याचा पुरावा. आणि हिशेब करायचाच असेल तर पूर्ण करावा. आठवड्यातून दोन दिवस भरणाऱ्या पथाऱ्या रस्त्याची जी जागा घेतात, त्याच शहरात कितीतरी जास्त जागा रोज चोवीस तास उभ्या असलेल्या खासगी गाड्या फुकट घेतात. त्यांना पर्यायी जागा शोधा असं कुणी सांगायला जात नाही.

कुठला बाजार हलवायचाच असेल तर आदेशावर सही होण्याआधी हलवणाऱ्यांनी तिथे दोन-तीन आठवडे बसावं. कोण कुठून येतं, कोणाच्या शेजारी कोण बसतं आणि का, माल कुठून येतो, उरलेला कुठे जातो, हे लिहून घ्यावं. प्रत्येक पथारीवाल्याला त्याचा बाजाराच्या दिवसाचा गल्ला तोंडपाठ असतो. तो आकडा नोंदवावा. नव्या जागेवर सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा जाऊन तोच प्रश्न विचारावा आणि दोन्ही आकडे महापालिकेच्या सभेत मांडावेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी असेल तर कायद्यानेच सांगितलेली अट मोडली आहे, आणि ती भरून काढायची जबाबदारी ज्याने बाजार हलवला त्याची.